उपरण्याखालचा मोबाईल

आमच्या शेजारचा उत्रेश्वर मोबाईल डोळे मिटून निवडतो. तुम्हाला वाटेल मी गंमत करतोय. मी गंमत करत नसतो, माझ्या बायकोला विचारा. दसरा जवळ आला की हा नेकनूरच्या बाजारात सलीमभाईच्या मोबाईल दुकानासमोर बाकड्यावर बसतो, खांद्यावरचं उपरणं मांडीवर पसरतो आणि म्हणतो, "आणा एकेक."

सलीमभाई नवा फोन हातात देतो. हा त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. उपरण्याखाली सारतो, डोळे मिटतो आणि हुकूम सोडतो, "हं, हालवा." म्हणजे आवाज बंद ठेवून त्या फोनला दुसऱ्या फोनवरून घंटी मारायची. आत फोन घुर्र घुर्र करतो आणि ह्याचं तोंड दाढ उपटून घेणाऱ्या माणसासारखं होतं. मग निकाल. "पुचाट हाय." नाहीतर, "ह्याच्या पायात बळ न्हाई." नाहीतर, "हां, ह्याच्यात जीव हाय. बाजूला बांधा."

बाजूला बांधा! मोबाईलला!

असं दिवसभर चालतं. शेवटी एक फोन उरतो. तो हा डोक्याच्या वर धरतो आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं ओरडतो, "यंदाचा मोबाईल!" जणू सरकारनंच ह्याला नेमलंय. गावानं त्यावरून आपला एक नियम करून ठेवलाय. उत्रेश्वरनं नावाजलेला फोन सोडून बाकी कोणताही घ्यावा.

मी चौथीतून शाळा सोडली. पण मोबाईल फोटो काढायला असतो, बोलायला असतो, नातवंडांना गप्प बसवायला असतो एवढं मलाही कळतं. माणसं विचारतात, कॅमेरा कसा हाय, चार्जिंग किती टिकतं, पाण्यात पडला तर वाचतो का. ह्याचा एकच सवाल, "दाबून बघितलं का?"

हे त्याचं सगळ्याच बाबतीत आहे. टरबूज घ्या, गादी घ्या, सायकलचं सीट घ्या, "दाबून बघितलं का?" दवाखान्यात डॉक्टरनं ह्याचं पोट दाबलं तर ह्यानं डॉक्टरचा हात दाबून बघितला. पोरीला स्थळ बघायला गेला तेव्हा पाहुण्यांनी पोराचं शिक्षण सांगितलं, शेत सांगितलं, शिलाईचं दुकान सांगितलं. ह्यानं काही ऐकलं नाही. पोराचा पंजा आपल्या हातात घेऊन चहा निवेपर्यंत बसला आणि म्हणाला, "ठरलं." पाहुण्यांना वाटलं म्हातारा हात बघतो, ज्योतिषी असेल.

ज्योतिषी कसला, हेडी! आमच्या इथल्या जनावरांच्या बाजारात बैलांची दलाली करण्यात ह्याची हयात गेली. बैलाचा सौदा कधी तोंडानं होत नाही, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चारचौघांत भाव फुटू नये म्हणून घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात. वर दोघं आभाळाकडं बघत पावसापाण्याचं बोलतात आणि खाली बोटं धरून भाव ठरतो. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. पटलं नाही की हात झटकायचा. बाजूला उभ्या माणसाला कळत नाही काय झालं. आणि समोर उत्रेश्वर असेल तर आत हात घातलेल्यालाही कळत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

मला ह्यानं एक पांढरा बैल दिला. दिसायला असा की लग्नात मिरवावा. दाताला चांगला, वशिंड भरलेलं, शेपटी जमिनीला टेकलेली. पहिल्याच दिवशी तो माझ्या रानात नांगराच्या तासाच्या मधोमध बसला. बसला तो बसलाच. मी हाका मारल्या, शेपटी पिरगाळली, पेंड दाखवली. त्यानं बसल्या बसल्या पेंड खाल्ली. मी तसाच उत्रेश्वरच्या दारात गेलो. हा म्हणतो, "दाबून बघितलं का?" त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे. मधे एक कमरेएवढी भिंत, अलीकडं मी, पलीकडं तो. त्याचा बैलबाजार सुटला, माझं औत सुटलं, पण बोलणं बंद ते बंद. शब्दाला जागणारा माणूस आहे मी.

अगदीच अडलं तर आम्ही मधे माणूस घेतो. बाजारात असलो की तो माणूस म्हणजे सलीमभाई. हा पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता मोबाईल विकतो. त्याच्या दुकानात आमचं बोलणं असं चालतं.

"सलीमभाई, त्यांना सांगा, उजेड अडवू नका," तो म्हणतो. मग मी,

"सलीमभाई, तेन्ला सांग, डोळे मिटलेल्या माणसाला उजेड कशाला लागतो?"

सलीमभाई बिचारा दोन्हीकडं मान हलवतो. सांगत कुणालाच काही नाही.

एका वर्षी आमच्या शाळेतले निवृत्त गुरुजी ह्याच्या नादी लागले. शिकलेला माणूस, चष्मा लावून पेपर वाचणारा, त्यांनी ह्यानं नावाजलेला काळा फोन घेतला. फोटो काढला की चुलीच्या धुरातून काढल्यासारखा यायचा. गुरुजींच्या नातीच्या बारशाचे सगळे फोटो तसे आहेत. पाळणा कोणता आणि आत्याबाई कोणती ते सांगावं लागतं. चार्जिंग जेवणवेळेपर्यंतही टिकायचं नाही. पण हादरायचा मात्र असा की विचारू नका. हॉटेलात टेबलावर ठेवला होता, कुणाचा तरी फोन आला, तर हा फोन स्वतःच्या पायानं चालत चालत टेबलाच्या कडेला गेला आणि खालच्या पाण्याच्या बादलीत उडी मारली. गुरुजी तोंड उघडं टाकून बघत राहिले. उत्रेश्वर काय म्हणाला? "चाल बघितली का चाल? जातिवंत हाय!"

गुरुजी त्याला म्हणाले, "अरे, तुझा फोन बिघडला काय अन् राहिला काय, तुला मुका फोनच लागतो."

एवढं बोलायचा अवकाश, हा ताडकन उठला. "मुका म्हणायचं न्हाई! वाजतो तो बोंबल्या. हालतो तो शहाणा." आणि बशीतला चहा सगळा धोतरावर. तसाही ह्याचा अर्धा चहा धोतरच पितं. अलीकडं हात लटलटा कापतात. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, पण गोळी तोंडात जाईपर्यंत दोनदा खाली पडते. मी म्हणतो, लोकांची बोटं पिरगाळून पिरगाळून आलेला आजार आहे.

'मुका' शब्दाचा त्याला राग का, हे गावाला माहीत आहे. त्याची एकुलती एक पोरगी शेवंता जन्मापासून ऐकत नाही, बोलत नाही. आई लवकर गेली. ह्यानं पोरीला बाजारात घेऊन जात, बैलांच्या दावणीत वाढवलं. आता ती नांदेडकडं दिलीय, तो शिलाईवाला जावई. पोरगी गुणाची. बापासारखी अजिबात नाही.

त्या शेवंतावरून ह्यानं मागच्या दिवाळीला केलेला तमाशा सांगितल्याशिवाय हा माणूस तुम्हाला कळायचा नाही. सकाळी मी भिंतीपाशी दात घासत होतो. पलीकडं हा ओट्यावर बसलेला, हात उपरण्याखाली. एकाएकी आत काहीतरी घुर्र झालं. मग परत घुर्र. मग परत, मग परत, थांबेचना. ह्याचं तोंड पांढरं पडलं. उठला तो एका पायात चप्पल, एका पायात नाही, असाच स्टँडकडं पळाला. बीडची गाडी धरली, तिथून नांदेडची. दुसऱ्या दिवशी परत आला तो हातात पापडांचा डबा. चप्पल मात्र दोन्ही पायांत, जावयाची.

झालं काय होतं? फोनच्या कंपनीनं दिवाळीच्या म्हणून एकामागं एक जाहिराती पाठवल्या होत्या. त्या जाहिराती हादरल्या आणि हा नांदेडला गेला. तिथं शेवंता अंगणात पापड लाटत बसलेली. बापाला एका चपलेवर दारात बघून तिला वाटलं, बापाला वेड लागलं. सासू म्हणाली, व्याही सणाला आले पण हात हलवत आले. गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. भिंतीवरून ऐकू जाईल असं मीही दोनचारदा विचारलं, "कुणाला रिचार्ज करायला नांदेडला जायचंय का?" उत्रेश्वर फोन हातात धरून म्हणाला, "जनावर खोटं बोललं." आणि ऐन वर्षात त्या फोनचं नाव रद्द केलं.

जाहिरात आल्यावर पोरीकडं कशाला पळायचं, हे मात्र तेव्हा कुणाला सुचलं नाही. वेड्याला कारण विचारत नाहीत, म्हणून मीही विचारलं नाही.

यंदाची गोष्ट अशी. दसऱ्याच्या आधी ह्याचा फोन जनावरांच्या हौदात पडला. वाळवून चालू झाला, आवाज यायचा, उजेड यायचा, पण हादरायचा बंद झाला. त्याच दिवसांत जावयाचा फोन आला होता, की शेवंताला ताप आलता, दवाखान्यात ठेवलं होतं, आता घरी आणलीय, बरी हाय. हे मला माझ्या बायकोनं सांगितलं. तिचं त्याच्याशी बोलणं चालू आहे. बायकांना शब्दाची किंमत नाही. ती म्हणाली, "भावजी जेवत न्हाईत. जा म्हणलं नांदेडला, तर म्हणतेत, मागच्या खेपेला उगीच गेलतो, सासरी पोरीचं हसू झालं. आता तिनं बोलावल्याबिगर जायचं न्हाई."

"मग जावई म्हणतोय ना बरी हाय?"

"ते म्हणतेत, तो सांगतो. ती कुठं सांगतीय?"

मुकी पोरगी सांगणार कशी? मी ह्या माणसाचा नाद सोडून दिला.

माझ्या बटनाच्या फोनचं चार्जिंग होईना म्हणून संध्याकाळी सलीमभाईकडं गेलो, तर हा बाकड्यावर बसलेलाच होता. सकाळपासून. उपरणं मांडीवर, बाजूला फोनांचे खोके. पण ह्या वेळी त्याची ती ऐट नव्हती. प्रत्येक फोन आत घ्यायचा, "हालवा" म्हणायचा, आणि मग विचारायचा, "हालवलं का?"

"हालवलं की, काका. चार बार हालवलं," सलीमभाई म्हणायचा.

"पुचाट. दुसरा आण."

मला ऐकवेना. "सलीमभाई," मी म्हणालो, "तेन्ला म्हण, मोबाईल कशाला घेता? पिठाची गिरणी घ्या. मांडीवर ठेवली की गाव हालंल."

एरवी सलीमभाई हसतो. आज हसला नाही. मला हाताला धरून काऊंटरच्या आत घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आबा, तुमी मोठे हाव, पण आज गंमत करू नका. ते थरथरणं म्हणजे शेवंताचं बोलणं हाय."

मी म्हणालो, "म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. पोरगी लहान असताना बाजारात ह्याच्या मांडीला मांडी लावून बसायची. लोक सौदा करताना बघायची. एकदा तिनं आपला हात बापाच्या उपरण्याखाली घातला आणि त्याचं एक बोट धरलं. तिथून दोघांची बोली सुरू झाली. एक बोट म्हणजे बरी हाय. दोन म्हणजे काहीतरी पाहिजे, भूक, तहान. सगळा पंजा धरला म्हणजे घरी घेऊन चल. वर हा गिऱ्हाइकाशी बोलत असायचा आणि खाली पोरीशी. लग्न झाल्यावर ही बोली तुटली. मागं ती माहेराला आली तेव्हा सलीमभाईनं तिच्या फोनवर तिला शिकवलं, की नुसता एक ठिपका पाठवायचा, म्हणजे इकडं फोन एकदा हालंल. अक्षर तिलाही येत नाही, ह्यालाही येत नाही. रोज दिवेलागणीला ती एक ठिपका पाठवते. एकदा घुर्र, बरी हाय.

मागच्या दिवाळीला फोन थांबेचना तेव्हा ह्यानं काय वाचलं असेल, ते मग मला कुणी सांगायची गरज राहिली नाही.

पण मी सहज पटवून घेणारा माणूस नाही. मी म्हणालो, "मग घंटी वाजू दे की. एकदा वाजली तरी तेच झालं."

बाकड्यावरच्या माणसाचे कान तिखट. तिथूनच म्हणाला, "सलीमभाई, त्यांना सांगा, वाजला तर तो कंपनीचा आवाज. हालला तर ती."

"व्हिडिओ लावून बघावं म्हण. तोंड दिसंल."

"लावलता. दिसली का हसती. आजारी असली तरी बापापुढं हसती. तोंडाचा काय भरवसा? सलीमभाई, सांगा त्यांना, सगळी हयात तोंडं बघून सौदा केला असता तर भीक मागितली असती."

"मग गालाला लाव म्हणावं फोन. गालाला तर कळंल?"

"गालानं सौदा करतेत व्हय?"

अशा माणसाशी काय बोलायचं? मी खुर्चीवर बसून घेतलं. दिवे लागायला आले होते. सलीमभाईनं त्यातल्या त्यात जोराचा एक फोन काढला, ह्याचं सिम त्यात घातलं, आवाज बंद केला आणि हातात दिला. ह्यानं तो उपरण्याखाली घेतला आणि डोळे मिटले. सलीमभाई नमाजाला म्हणून मागच्या खोलीत गेला.

मी समोर बसून उपरण्याकडं बघत होतो. ते हलत होतं. मी म्हणालो मनात, आला बुवा ठिपका. मग बघतो तर ते हलतच राहिलं. मग ध्यानात आलं, ते मघापासून हलत होतं, फोन खोक्यात असतानाही हलत होतं. आत फोन थरथरत नव्हता, ह्याचे हात थरथरत होते. दरवर्षी ह्याला आधीपेक्षा जोराचा फोन लागत होता. फोन पुचाट होत नव्हते. ह्याच्या हातांना आता स्वतःचं हादरणं आणि पोरीचं हादरणं वेगळं करता येत नव्हतं.

ह्यानं डोळे उघडले. दुकानात मी सोडून कुणी नव्हतं. माझ्याकडं बघितलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाला,

"सलीमभाई, त्यांना म्हणा, जरा हात आत घाला. थीर हात पाहिजे."

मीही त्या रिकाम्या दुकानाला म्हणालो, "सलीमभाई, तेन्ला म्हण, ह्या उपरण्याखाली एकदा हात घालून बसलोय मी. तो बैल अजून उठला न्हाई."

ह्यानं उपरण्याचं एक टोक उचलून धरलं.

मी हात घातला. आत त्याची बोटं लागली, थंडगार, आत्ताच जन्मलेल्या करडासारखी कापत होती. मधे तो फोन. मी तो माझ्या मुठीत घेतला आणि त्याचा हात दुसऱ्या हातात धरला. बाहेर पेठेत दिवे लागले. भाजीवाल्या पाट्या उचलू लागल्या. आम्ही दोघं आभाळाकडं बघावं तसं दुकानाच्या पत्र्याकडं बघत बसलो, कुणाला वाटावं सौदा चाललाय.

आणि फोन हालला. एकदा.

मी श्वास धरून बसलो. दुसरं येतंय का म्हणून. आलं नाही. सलीमभाईनं कंपनीच्या जाहिराती आधीच बंद केल्या होत्या. एकच होतं ते, स्वच्छ, ठाम, आजारातून उठलेल्या माणसानं धरावं तसं.

तोंडानं शब्द तर मी त्याला देणार नव्हतो. मी त्याचं एक बोट धरलं आणि दाबलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मग उपरणं बाजूला सारलं, फोन दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा ओरडला, "यंदाचा मोबाईल!" हातातून फोन पडता पडता मी झेलला.

तुम्ही यंदा फोन घेणार असाल तर मी आत्ताच सांगून ठेवतो, तो फोन घेऊ नका. त्याच्याइतका भिकार फोन सलीमभाईच्या दुकानात दुसरा नव्हता. फोटो काळे येतात, पाठ चुलीसारखी तापते आणि रंग असा पोपटी की बघणाऱ्याचे डोळे दुखावेत. मी तोंडावर सांगितलं असतं, पण आमचं बोलणं बंद आहे.

आता रोज दिवेलागणीला पलीकडून भिंतीवर उपरणं पडतं. मी हातातलं काम ठेवतो, भिंतीपाशी जातो आणि हात खाली घालतो. तो त्याच्या बाजूला बघतो, मी माझ्या बाजूला. घुर्र झालं की मी बोट दाबतो आणि घरात येतो. बायको विचारते, "काय म्हणली शेवंता?"

मी सांगतो, "बरी हाय." आणि लगेच सांगतो, की बैलाचं अजून मिटलेलं नाही.